नारिंगी भिंत दरवेळी का फसते? आधी ती कधी फसते ते बघा

"अगं, कार्डावर झेंडू होता, भिंतीवर वीट झाली!"

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका काकूंचा हा फोन. लोकांची घरं सजवून द्यायचं माझं छोटंसं काम आहे, आणि गणपती ते दिवाळी या दिवसांत असा फोन ठरलेला. माणसं बदलतात, तक्रार तीच. कुणाचा केशरी रात्री तपकिरी दिसतो. कुणाची भिंत वाळल्यावर ढगाळते. कुणाच्या भिंतीवर श्रावण संपता संपता पांढरं पीठ फुटतं. कुणाची बाल्कनी दोन उन्हाळ्यांत संत्र्याच्या पातळ सरबतासारखी होते. मग रंगाऱ्याशी वाद, वरून आणखी एक हात, पुन्हा तेच, आणि शेवटी वैतागून सगळीकडं ऑफव्हाइट.

फिके रंग भिंतीचे, दिव्याचे आणि कारागिराचे दोष पदराखाली घेतात. नारिंगी घेत नाही. म्हणून दोष कुठला ते न शोधता वरून कितीही हात मारले तरी पैसे वाया जातात. शोधायला सोपा प्रश्न एकच: रंग बिघडला कधी? दिवा लावल्यावर, वाळताना, पावसाळ्यानंतर, की वर्ष-दोन वर्षांनी? उत्तर आलं की निम्मं काम झालं.

त्याआधी एक. दुकानात जाऊन "नारिंगी द्या" म्हणू नका. केशरी, भगवा, शेंदरी, अबोली, गाजरी, गेरू, विटकरी, मडक्याचा रंग... एकाच घराण्यातली ही सगळी भावंडं. चार माणसांच्या घरात "केशरी" म्हटलं की एकीला जिलेबी दिसते, दुसऱ्याला झेंडा. ओळखीच्या एका घरात भगवा आणि केशरी एकच का, यावरून नवरा-बायकोत दोन दिवस अबोला होता. तेव्हा वस्तू न्या. झेंडूचं फूल, पणती, नाहीतर गुळाचा खडा. गूळसुद्धा कुठला ते बघून न्या म्हणजे झालं. आपल्याकडं पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, मिळतो तसा चॉकलेटी पण मिळतो, आणि गुऱ्हाळवाला दोन्हीला गूळच म्हणतो.

सकाळी केशरी, रात्री विटकरी

काकूंकडं गेले तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. हॉलमध्ये पांढरीफेक एलईडी ट्यूब जळत होती आणि भिंत खरोखरच वीटभट्टीतून आणल्यासारखी दिसत होती. असल्या फोनला जाताना मी पर्समध्ये एक पिवळसर बल्ब ठेवते. तो टेबललॅम्पला लावला, लॅम्प भिंतीकडं वळवला, ट्यूब बंद केली. काकू जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पेंटरला उगंच बोलले गं मी."

बल्बच्या खोक्यावर २७००, ३०००, ४०००, ६५०० असे आकडे आणि पुढं 'के', म्हणजे केल्विन, असतं. आकडा चढत जाईल तसा उजेड पिवळसरकडून निळसर पांढऱ्याकडं जातो. ६५०० च्या उजेडात निळा वाटा मोठा आणि तांबडा वाटा लहान. नारिंगी रंगाचा स्वभाव असा की तो निळा उजेड गिळतो आणि पिवळा-तांबडा परत पाठवतो. परत पाठवायलाच कमी मिळालं तर भिंत काळवंडणार. दुसरी गोष्ट ऐकून लोकांना पटत नाही, पण खरी आहे: तपकिरी म्हणजे अंधारलेला नारिंगीच. शेजारी छत पांढरंशुभ्र चमकत असलं, की त्याच्या मानानं काळोखी पडलेल्या नारिंगी भिंतीला आपला डोळा सरळ तपकिरी ठरवतो.

उपाय पुन्हा रंगवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. हॉलमध्ये ३००० केचे दिवे लावा. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, लिहिलेला असतो तोही बघा. तो ८० असला तर साधारण काम भागतं, ९० किंवा वर असला तर तांबडे-नारिंगी रंग उठून दिसतात. आणि खोलीतले सगळे दिवे एकाच आकड्याचे ठेवा. अर्ध्या भिंतीवर पिवळा आणि अर्ध्या भिंतीवर पांढरा उजेड पडला की एकाच डब्यातला रंग दोन डब्यांचा वाटतो. हे मी स्वतः एका फ्लॅटमध्ये करून बसले आहे आणि दोन दिवस रंगाऱ्याला बोल लावला आहे.

दिव्याचं झालं, आता खिडकीचं. रंकाळ्याकडच्या पश्चिममुखी फ्लॅटमध्ये संध्याकाळी नारिंगी भिंत अक्षरशः पेटते. सूर्य खाली आला की त्याच्या किरणांना हवेतून लांबचा रस्ता कापावा लागतो, वाटेत निळा भाग विखरून जातो आणि घरात येतो तो तांबूस-पिवळा उजेड. तो या भिंतीवर पडला की दुधात साखर नाही, साखरेत साखर होते.

आणि हा उजेड वर्षभर एका जागी पडत नाही. अंबाबाईचा किरणोत्सव आपण सगळे बघतो: ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मग थेट ९, १०, ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून येऊन देवीपर्यंत पोहोचतात ती याच दिवसांत, कारण वर्षात दोनच वेळा सूर्य क्षितिजावर नेमक्या त्या जागी मावळतो. जूनमध्ये तो उत्तरेकडं सरकलेला असतो, डिसेंबरात दक्षिणेकडं. तुमच्या खिडकीलाही हाच हिशेब लागू. नोव्हेंबरात ज्या भिंतीवर सोनेरी पट्टा बघून तुम्ही रंग ठरवला, तिथं मे महिन्यात तो पट्टा असेलच असं नाही. पश्चिमेच्या खोलीला म्हणून मी मातकट छटा सुचवते, गेरू किंवा मडक्याच्या जवळची. उत्तरेच्या खोलीत उजेड आभाळाचा, निळसर. तिथं मातकट छटा मरगळते, जर्द पिवळ्याकडं झुकलेली घ्यावी.

नमुना बघायची माझी पद्धत: २०० मिलीची छोटी डबी घ्यायची, दोन बाय दोन फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्यायचे आणि तो पुठ्ठा घरभर फिरवायचा. या भिंतीला टेकवून सकाळचा चहा, त्या भिंतीला टेकवून रात्रीचं जेवण. भिंतीवरच ठिपका मारला तर तो एकाच जागचा उजेड सांगतो, शिवाय आजूबाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो.

वाळला की ढग

ही तक्रार साधारण दुसऱ्या हातानंतर येते. रंग ओला असताना छान, वाळल्यावर मध्ये फिके ढग, कडेला गडद चौकट, आणि खिडकीतून तिरपा उजेड आला की रोलरचे पट्टे मोजून घ्यावेत.

मंगळवार पेठेतले एक वयस्कर रंगारी मामा आहेत, त्यांनी मला हे पहिल्यांदा नीट समजावलं. डबा उघडून काडी बुडवून वर धरली आणि म्हणाले, "ताई, हा रंग पातळ न्हाय. ह्याच्या पोटात पांढरं न्हाय." किती बरोबर बोलले ते मला नंतर कळलं. दुकानात मशीनवर रंग बनतो तेव्हा आधी डब्यात 'बेस' असतो आणि त्यात रंगाचे थेंब पडतात. फिक्या रंगांच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं द्रव्य भरपूर असतं, खालचं झाकायचं काम तेच करतं. पण गडद केशरी बनवायचा तर ते पांढरं घालून चालत नाही, रंग अबोली होईल. म्हणून गडद छटांचा बेस जवळजवळ पांढऱ्याविना असतो. वरून नारिंगी-पिवळी सेंद्रिय रंगद्रव्यं मुळातच पारदर्शक. मग खालची पांढरी लांबी, म्हणजे पुट्टी, डोकावणार नाही तर काय!

रंगारी सवयीनं दोन हातांचा हिशेब देतो आणि आपणही दोनच हातांचे पैसे ठरवतो. गडद नारिंगीला तीन लागतात, कधी चार. तो खर्च वाचवायचा एक चांगला मार्ग आहे: प्रायमरनंतर पहिला हात त्याच घराण्यातल्या फिक्या, पांढरं पोटात असलेल्या रंगाचा द्यायचा, अबोली किंवा पीच. तो खालचं सगळं एकसारखं झाकतो. वर गडद रंगाचे दोन हात पुरतात. दोन्ही डबे एकदमच आणले तर मामा लोक कुरकुर करतात, "कशाला उगं दोन डबं?" ऐकायचं नाही.

पाण्याचं बघा. डब्यावर किती पाणी घालायचं ते लिहिलेलं असतं. गडद छटेला त्यातला कमीत कमी आकडा पाळा. रंग पुरत नाहीये असं दिसलं की शेवटच्या बादलीत एक तांब्या जादा पडतो, आणि तोच तांब्या पुढं भिंतीवर दिसतो.

कडेच्या गडद चौकटीचं कारण निराळं. रंगारी आधी खोलीच्या सगळ्या कडा ब्रशनं 'कटिंग' करून घेतो, जेवून येतो, मग मधल्या भागावर रोलर फिरवतो. तोपर्यंत कडा वाळलेल्या असतात, तिथं रंगाचा थर दुहेरी होतो. फिक्या रंगात कळत नाही, नारिंगीत फोटोफ्रेम केल्यासारखं दिसतं. सांगायचं असं की एका वेळी एकच भिंत घ्या, एकजण कटिंग करेल आणि त्याच्या मागोमाग दुसरा रोलर घेऊन, कडा ओली असतानाच. भिंत सुरू केली की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत संपवूनच चहा. एप्रिल-मेच्या उन्हात हे जास्त सांभाळावं लागतं, कारण रंग रोलरखालीच वाळत जातो. खिडक्या लोटून घ्या, पंखा बंद.

डबे दोन-तीन असतील तर आधी मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळा. मशीन तेच असलं तरी डब्याडब्यात केसाइतका फरक पडतो, आणि नारिंगीत तो केस दिसतो.

पावसाळ्यानंतर पांढरं पीठ

आता माझ्याच घरची गोष्ट. शिवाजी पेठेत आमचं जुनं घर, खाली दगडी जोतं, वर वीट. माजघराची एक भिंत न्हाणीला लागून. लग्नानंतर पहिल्याच गणपतीला मी हट्टानं ती केशरी करून घेतली. दसऱ्याला तिच्यावर कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरी बुरशी आल्यासारखं दिसू लागलं. बोट फिरवलं तर बुरशी नव्हती, कोरडं, बारीक, पिठासारखं होतं. मी ओल्या फडक्यानं पुसलं. लगेच स्वच्छ! चार दिवसांनी दुप्पट.

तो लोणा. भिंतीत ओल शिरते, विटेतले आणि चुना-सिमेंटमधले क्षार विरघळवते, आणि पृष्ठभागापाशी पाणी उडून गेलं की क्षार मागं राहतात. ऑफव्हाइट भिंतीवर हे महिनोन् महिने दिसत नाही, पोपडे सुटायला लागले की कळतं. केशरीवर पहिल्या आठवड्यात दिसतं. मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरंच झालं. ओलं फडकं ही मात्र चूक होती: पाण्यानं क्षार पुन्हा विरघळून आतच जातात. कोरड्या ब्रशनं झाडायचं, खाली कागद पसरून, आणि ते पीठ कचऱ्यात टाकायचं.

दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी सल्ल्यानं आतून ओलरोधक लेप मारला आणि वर पुन्हा केशरी. लेपानं आपलं काम चोख केलं. पाणी तिथून बाहेर पडेना, म्हणून ते आणखी फूटभर वर चढलं आणि लेप संपतो तिथं फोड आले. नखानं एक फोड फोडला तर आतून ओलसर, चिकणमातीसारखा चुरा पडला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्या वेळी ह्या भिंतीला चुना असायचा, काय व्हायचं नाही बाई." तेव्हा मला तो टोमणा वाटला.

तिसऱ्या वर्षी रंगाऱ्याऐवजी गवंड्याला बोलावलं. त्यानं आत बघितलंच नाही, बाहेर गेला. दोन गोष्टी सापडल्या. न्हाणीच्या मोरीचा सांधा सुटलेला होता. आणि बाहेरचा रस्ता दरवेळच्या डांबरीकरणानं चढत चढत जोत्याच्या जवळजवळ बरोबरीला आला होता, त्यामुळं पावसाचं पाणी भिंतीला टेकून उभं राहत होतं. जुन्या पेठांतल्या कितीतरी घरांचं हे दुखणं आहे. मोरी दुरुस्त केली, भिंतीकडेनं उतार देऊन पाणी गटाराकडं वळवलं, आतलं सिमेंटचं प्लास्टर कमरेपर्यंत उतरवलं आणि भिंत तशीच उघडी ठेवली. नोव्हेंबर ते एप्रिल. पाहुणे विचारायचे, "काम अर्धवट का?" सांगून सांगून तोंड दुखलं.

तुमच्या भिंतीची ओल कुठून येते हे तिच्या जागेवरून बरंचसं ओळखता येतं. खालून वर, साधारण कमरेपर्यंत आणि वर जाईल तशी विरळ: जमिनीतली. वरून खाली ओघळ: स्लॅब किंवा गच्चीचा जोड. मधेच एखादं बेट, बारा महिने: पाइप. आणि बाहेरच्या पश्चिम किंवा नैऋत्येच्या भिंतीवर, फक्त जून ते सप्टेंबर: पावसाचा मारा, म्हणजे बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा. आपल्याकडं पाऊस त्याच अंगानं झोडपतो. शंका असेल तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर हवाबंद चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. दव बाहेरच्या बाजूला असेल तर ती खोलीतल्या हवेतली आहे, खिडक्या उघडा. कुठल्याही महागड्या लेपाआधी हा फुकटचा तुकडा लावावा.

ज्यांच्या घरात पंचगंगेचं पाणी आलं त्यांच्यासाठी वेगळं सांगते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आकडे आपल्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी उतरल्यावर नदीकाठच्या भागातल्या एका घरानं दिवाळीच्या आत सगळं रंगवून घेतलं. दिवाळी त्या वर्षी २७ ऑक्टोबरला होती, म्हणजे मध्ये जेमतेम अडीच महिने. घरात मरगळ नको म्हणून छान अबोली आणि केशरी. मला त्यांचं मन समजतं. पण संक्रांतीपर्यंत पापुद्रे हाताएवढे सुटले. कित्येक दिवस पाण्यात उभी राहिलेली विटेची भिंत आतपर्यंत वाळायला महिने लागतात. वरून कोरडी दिसते ती नुसती साय. २०२१ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा त्यांनी खालची चार फूट भिंत उन्हाळ्यापर्यंत नुसत्या चुन्यावर ठेवली, आणि ती टिकली.

नव्या बांधकामाचं दुखणं ओलीचं नसून खाराचं असतं. सिमेंटचं ताजं प्लास्टर तीव्र अल्कधर्मी असतं आणि काही सेंद्रिय रंगद्रव्यं त्यात जळतात, भिंतीवर फिके चट्टे पडतात. बिल्डरच्या घाईला बळी पडू नका. प्लास्टरला किमान २८ दिवस द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त, आणि अल्कलीला टिकणारा प्रायमर वापरा.

आमच्या माजघराला शेवटी काय केलं? चुन्याचं प्लास्टर, आणि वर चुन्याचाच रंग. सासूबाई बरोबर होत्या. जुन्या दगड-विटेच्या भिंती श्वास घेतात, त्यांच्यावर प्लॅस्टिक इमल्शन म्हणजे रेनकोट घालून झोपणं. भिजवून निवलेला चुना गाळून घेतला, त्यात गेरू आणि पिवळी माती, म्हणजे पिवडी. नुसता गेरू घातला तर चुन्यात तो गुलाबीकडं जातो, पिवडी त्याला नारिंगीकडं ओढते. गेरू-पिवडी म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड, चुन्याच्या खारानं ते जळत नाहीत. मात्र मातीचं प्रमाण चुन्याच्या मानानं थोडंच ठेवायचं, नाहीतर भिंतीला टेकणाऱ्याची पाठ केशरी होते. आमच्याकडं पहिल्या प्रयत्नात तीन पाहुण्यांची झाली. चार पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळू देऊन. ओला असताना रंग मडक्यासारखा गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच उजळतो, म्हणून घाबरून पाणी वाढवू नका. झेंडूसारखा भडक रंग चुन्यात मिळणार नाही. ऊन खाल्लेल्या कौलासारखा मिळतो. मला तोच जास्त आवडायला लागला आहे.

एक धोक्याची सूचना इथंच. जुन्या घरात ऑइल पेंटचे थर खरवडायचे असतील तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका. जुन्या चमकदार पिवळ्या-नारिंगी ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या आत हवं हा नियम आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पाणी मारून ओलं खरवडा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसऱ्या घरी पाठवा, चुरा झाडू नका, ओल्या फडक्यानं टिपून घ्या.

दोन उन्हाळ्यांत फिका

भिंतीवरचं कॅलेंडर किंवा फोटो काढून बघा. मागं मूळ रंगाचा गडद चौकोन दिसला तर हे उन्हाचं काम. भडक केशरी-शेंदरी छटांमधली बरीच सेंद्रिय रंगद्रव्यं अतिनील किरणांनी तुटतात. ऑक्साइडवाल्या मातकट छटा टिकतात, जांभ्याचा आणि कौलाचा रंग पिढ्यान्‌पिढ्या उन्हात असतो तो त्याच कारणानं. बाल्कनी, दारापुढची भिंत, कंपाउंड इथं म्हणून टेराकोटाच्या घराण्यातला रंग घ्या आणि तो बाहेरच्या भिंतींसाठी बनवलेलाच घ्या. आतला उरलेला डबा बाल्कनीत संपवायचा मोह सगळ्यांना होतो. हात फिरवल्यावर खडूसारखी भुकटी लागली, की समजायचं तो मोह आता खर्चात आला.

खिडकीशेजारचे पडदे आणि उशांचे अभ्रेही असेच उडतात. ते निदान बदलता येतात. खरं सांगू, ज्यांना भडक नारिंगीची हौस आहे त्यांना मी भिंत सोडून पडद्याकडंच वळवते.

रंग ठीक, पण खोली अंगावर येते

इथं कारागिराची चूक शोधू नका. कार्डावरचा दोन बोटांचा तुकडा आणि दहा बाय बाराची खोली यात फरक असतो. चारी भिंती नारिंगी असल्या की एकीवरून उडालेला उजेड दुसरीवर पडतो, दुसरीवरचा पहिलीवर, आणि रंग कार्डापेक्षा कितीतरी तापट होतो. छत नारिंगी दिसतं, भात पिवळट दिसतो, माणसं काविळीतून उठल्यासारखी. एकच भिंत रंगवा, शक्यतो बसल्यावर पाठीमागं येणारी, आणि कार्डावर आवडला त्याच्याहून एक पायरी फिका घ्या.

दुसरं, सागवान. आपल्याकडं हॉलमध्ये सागवानी कपाट, सागवानी झोपाळा, सागवानी देव्हारा, आणि पॉलिश मारलेला साग हा स्वतःच नारिंगी असतो. मग मागं केशरी भिंत आली की आजोबांचं इतकं देखणं कपाट भिंतीत बुडून जातं. राजारामपुरीच्या काकूंकडं दिवे बदलल्यावर नेमकं हेच पुढं आलं. कपाट हलवायची सोय नव्हती. आम्ही त्याच्यामागची भिंत, दोन्ही बाजूंना हातभर जास्त, साईच्या रंगाची केली, आणि झोपाळ्यावर गडद निळ्या इरकलीची जुनी साडी फाडून गाद्या शिवल्या. निळा हा नारिंगीच्या बरोबर समोरचा रंग, दोघं एकमेकांना उजळवतात. फक्त निळा थोडाच हवा. निम्मं-निम्मं केलं की दोघांचं भांडण लागतं आणि डोळा थकतो.

स्वयंपाकघरात भडक नारिंगीची चकाकी नसलेली भिंत नको. फोडणीचे शिंतोडे पुसताना घासलेली जागा पांढुरकी दिसते आणि ती कायमची. धुता येईल असा किंचित चकाकीचा रंग घ्या. हळदीचा डाग मात्र साबणानं घासू नका, साबणाच्या खारानं हळद लाल होते. नारिंगीवर ती आधी दिसत नव्हती, मग कुंकवासारखी दिसायला लागते.

ठिगळ

सोफ्याचा कोपरा घासला, खिळा उपटला, तिथं उरलेल्या रंगाचा ब्रश लावला आणि ठिगळ उठून दिसलं. हे होणारच. भिंतीवरचा रंग उन्हानं आणि धुळीनं बदललेला असतो, डब्यातला नाही. खिळ्याच्या भोकापुरतं असेल तर ब्रशऐवजी स्पंजच्या तुकड्यानं टिपा. त्याहून मोठं असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत घ्या, मध्ये कुठंही थांबलात तरी जोड दिसतो.

त्यासाठी रंग जपून ठेवावा लागतो. मोठ्या डब्यात तळाला उरलेला रंग साय धरून वर्षभरात वाया जातो. छोट्या घट्ट झाकणाच्या बरणीत काठोकाठ भरा आणि जिन्याखाली, उन्हाआड ठेवा. वर कागद चिकटवून छटेचा क्रमांक, बेस कुठला, चकाकी कुठली, पाणी किती घातलं, कुठली भिंत आणि तारीख लिहा. माझ्या बरण्यांवर एक जादा ओळ असते, तेव्हा खोलीत दिवा किती केचा होता त्याची.